माणूस गेटपर्यंत आला होता

सर, नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. पप्पांनी सुरू केलेलं, गेली सहा वर्षं मी आणि धाकटा भाऊ सांभाळतो. माणसं २२, संगणकावर चालणारी कटिंगची मशिनं आठ : व्हीएमसी पाच, सीएनसी लेथ तीन. २ जूनला आमचा दिवसपाळीचा सेटर, म्हणजे मशीनवर जॉब बांधून, टूल लावून पहिला पीस काढून देणारा माणूस, सोडून गेला. साताऱ्याला, घराजवळ नोकरी लागली त्याला. आज १ नोव्हेंबर, आणि ती जागा अजून रिकामीच आहे. भाऊ चार व्हीएमसी कशीबशी ओढतो, पाचवं झाकून ठेवलंय. बँकेचा हप्ता मात्र झाकून ठेवता येत नाही. पोर्टलवर जाहिरात दिली, गेटवर बोर्ड लावला, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. शेजारचे सगळे युनिटवाले एकच सांगतात : हल्ली माणसं मिळतच नाहीत, मुलांना मशीनवर उभं राहायचंच नाही. एक कन्सल्टंट एका महिन्याचा पगार फी मागतोय. माझे प्रश्न दोनच. एक जागा भरायला साधारण किती दिवस लागणं बरोबर? आणि त्या कन्सल्टंटला पैसे द्यावेत का?
– एक वाचक, भोसरी

ताई,

तुमचं पत्र वाचून मी फोन केला आणि दोन गोष्टी मागितल्या. गेल्या दोन वर्षांत कोण कधी सोडून गेलं आणि त्याच्या जागी कोण कधी हजर झालं, याची हजेरीपत्रकावरून काढलेली यादी. आणि गेटवर आलेल्या माणसांची नोंदवही. तुम्ही दोन्हींचे फोटो पाठवलेत, वर ‘वही जरा गचाळ आहे, सॉरी’ असंही लिहिलंत. सॉरी कसलं? ३१ वर्षं पर्सोनेल खात्यात काढली मी, पण आलेल्या माणसाचं नाव, गाव, कुठल्या मशीनवर किती वर्षं आणि हातात किती मागतो, हे चार रकाने नेमाने भरणारे मालक मला मोजकेच भेटले. ती वही आहे म्हणून काही बोलता येतंय. नाहीतर मीही ‘काळच तसा आलाय’ म्हणून मोकळा झालो असतो.

आधी यादी बघू. दोन वर्षांत तुमच्याकडे अकरा जागा रिकाम्या झाल्या. त्यातल्या दहा भरल्या, आणि त्यांना लागलेले दिवस असे : २, ३, ४, ४, ६, ९, १२, २०, ३१, ४७. बेरीज १३८, म्हणजे सरासरी चौदा दिवससुद्धा नाहीत. पाच जागा तर आठवड्याच्या आत भरल्या. अकरावी ही सेटरची. तिला एकटीला १५२ दिवस झाले, बाकीच्या दहांना मिळून लागले त्याहून जास्त.

आता सांगा, पत्रात त्या दहांपैकी एकीचा तरी उल्लेख आहे का? नाही, आणि त्यात तुमची चूक नाही. स्वारगेटच्या स्टँडवर सकाळपासून बंद पडून राहिलेली एसटी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला पडते. दहा मिनिटं थांबून निघून गेलेल्या गाड्या ज्यांनी पकडल्या त्यांनाच ठाऊक. जागांचंही तसंच आहे. चार दिवसांत भरलेली जागा पाचव्या दिवशी विसरली जाते. पाच महिने अडलेली रोज सकाळी शटर उघडलं की समोर उभी. तुमचे शेजारी ‘माणसं मिळत नाहीत’ म्हणतात तेव्हा तेही आपापल्या बंद पडलेल्या एसटीकडेच बोट दाखवत असतात.

म्हणून पहिल्या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणं फसवं आहे. तरी विचारलंय तर जे ठामपणे सांगता येतं ते सांगतो, आणि त्यासाठी थोडं परदेशात जावं लागेल. जागा भरायला लागणारे दिवस दर महिन्याला मोजायचे, असं आपलं सरकार करत नाही. अमेरिकेचं कामगार सांख्यिकी खातं डिसेंबर २००० पासून दर महिन्याला हजारो आस्थापनांना विचारतं : महिन्याच्या शेवटच्या दिवशी तुमच्याकडे किती जागा उघड्या होत्या, आणि महिनाभरात किती माणसं घेतलीत? त्यावरून दिवस काढणं म्हणजे टाकीचा हिशोब. टाकीत पाणी किती आणि रोज बाहेर किती जातं, हे कळलं की एक बादली सरासरी किती वेळ टाकीत राहते ते कळतं.

डेव्हिस, फॅबरमन आणि हाल्टिवांगर या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००६ चे हे आकडे घेऊन हिशोब मांडला आणि २०१३ साली प्रसिद्ध केला. उत्तर आलं सरासरी वीस दिवसांच्या आसपास. पण पोटात शिरलं की चित्र बदलतं. बांधकामात आठ-नऊ दिवस, शिक्षण आणि आरोग्यात महिन्याच्या पुढे. ज्या आस्थापना झपाट्याने वाढत होत्या त्यांच्या जागा इतरांपेक्षा लवकर भरत होत्या. खरं तर उलटं वाटायला हवं ना, की जास्त माणसं हवीत तर वेळ जास्त लागेल? तसं होत नाही. गरज लागली की मालक पगार वाढवतो, अटी सैल करतो, निर्णय पटकन घेतो. आणि आपल्या भोसरीवाल्यांनी ऐकावी अशी एक गोष्ट : दहापैकी चार भरत्या अशा आस्थापनांत झाल्या, ज्यांनी महिन्याच्या तोंडावर ‘आमच्याकडे एकही जागा रिकामी नाही’ असं कळवलं होतं. माणूस आला, बरा वाटला, घेतला. तुमच्या दोन, तीन, चार दिवसांच्या जागा कशा भरल्या ते वहीत आहेच : ‘अमक्याचा मेहुणा’, ‘तमक्याचा गाववाला, हिंगोली’. अमेरिकेतही मेहुणे असतात म्हणायचे.

बाजाराची भरती-ओहोटी यात आहेच, ती मी नाकारत नाही. २००९ च्या मंदीत अमेरिकेत एका जागेमागे सहाहून अधिक बेकार होते, तेव्हा जागा पटापट भरल्या. मार्च २०२२ मध्ये उलटं झालं. उघड्या जागा एक कोटी वीस लाखांच्या घरात आणि एकेका बेकारामागे जवळजवळ दोन जागा. तेव्हा तिथल्या मालकांचीही भाषा अगदी तुमच्या शेजाऱ्यांसारखीच होती.

त्या अमेरिकी पाहणीतली आकड्यांपेक्षा जास्त कामाची गोष्ट मला तिची व्याख्या वाटते. ‘उघडी जागा’ कशाला म्हणायचं? तीन अटी आहेत. काम ठरलेलं आणि प्रत्यक्ष हातात असलं पाहिजे. माणूस मिळाला तर तीस दिवसांच्या आत त्याला कामावर घेता आलं पाहिजे. आणि मालक बाहेरून माणूस आणण्यासाठी खरोखर हातपाय हलवत असला पाहिजे. तिन्हीतली एक जरी नसली तरी ती जागा मोजायची नाही, मग गेटवर बोर्ड असो वा नसो.

ही फूटपट्टी घेऊन मी तुमची वही तारखांनुसार लावली.

२ जूनला तो गेला. पहिली जाहिरात २४ जूनला. मधले २२ दिवस तुम्ही कुणालाच बोलला नाहीत. फोनवर कारण सांगितलंत की वाटलं होतं परत येईल, भावाने निभावलंही. ठीक. २४ जून ते ८ जुलै, दोन आठवड्यांत तुमच्या गेटवर नऊ माणसं आली. नऊ! त्यातल्या दोघांच्या नावापुढे तुमच्याच अक्षरात ‘चांगला’ लिहिलंय. ८ जुलै ते ३ ऑगस्ट हे २६ दिवस त्या दोघांवर गेले. पहिल्याची ट्रायल ५ जुलैला झाली, पण शेवटचा शब्द पप्पांचा, आणि पप्पा वारीला. ते परतून १४ तारखेला बोलावणं गेलं तोवर तो चाकणला लागला होता. (वारी चुकवा असं मी म्हणणार नाही. पण माउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्या माणसाकडेही आजकाल मोबाइल असतो.) दुसरा हातात ३२ हजार मागत होता, तुम्ही २६ म्हणालात. मग २७, मग ‘विचार करून कळवतो’, मग सव्वासत्तावीस. ३ ऑगस्टला त्याने फोन उचलणं बंद केलं.

३ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर, ३७ दिवस, वही कोरी. ऑर्डरी मंदावल्या, मग गणपती. पहिली आणि तिसरी अट दोन्ही गेल्या, म्हणजे या काळात तुमची जागा उघडी नव्हतीच, फक्त बोर्ड लटकत होता. ९ सप्टेंबरला पुन्हा जाहिरात, नऊ दिवसांत पाच माणसं, १८ तारखेला एक पक्का. त्याचा नोटीस पीरियड तीस दिवस. १८ ऑक्टोबरला तो यायचा होता, आला नाही, मोबाइल बंद. जुन्या मालकाने तीन हजार वाढवले आणि बोनस घेऊनच जा म्हणाला, हे तुम्हाला नंतर कळलं. पुढचे चौदा दिवस दिवाळी आणि वैताग.

बेरीज करा : २२, १४, २६, ३७, ९, ३०, १४. बरोबर १५२. यात माणूस शोधण्यात गेलेले दिवस किती? चौदा आणि नऊ, तेवीस. तेवीस दिवसांत चौदा माणसं गेटवर आली आणि त्यातली तीन तुम्हाला पसंत पडली. बाकीचे १२९ दिवस माणूस मिळत नव्हता म्हणून गेलेले नाहीत. माणूस गेटपर्यंत आला होता, ताई. तो गेटच्या आत येईना.

हे काही भोसरीपुरतं नाही. नेदरलँड्समध्ये व्हॅन अवर्स आणि रिडर या दोघांनी हाच धागा धरला होता, त्यांचा लेख १९९२ चा. त्यांनी एकेक जागा घेऊन अर्ज कधी आले आणि माणूस कधी नेमला हे ताडून पाहिलं. बहुतेक जागांवर अखेर जो लागला तो जाहिरातीनंतरच्या पहिल्या दोनेक आठवड्यांतच आलेला होता. पुढचा सगळा वेळ निवडण्यात गेला. जागा रिकामी राहते ती शोधाशोधीमुळे असं आपण समजतो, आणि घड्याळ चालू असतं ते आपल्याच केबिनमध्ये.

अर्जांच्या ढिगानेही जागा लवकर भरत नाही, हे तर महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. जाहिरात जूनमध्ये, परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरात, निकाल जानेवारी २०२४ मध्ये. माणसांचा तुटवडा म्हणाल तर नावालाही नव्हता.

आता तुमच्या जागेकडे वळतो.

सगळ्यात आधी ती जाहिरात उतरवा. मी वाचली. सेटर-कम-प्रोग्रॅमर, फॅनुक आणि सिमेन्स दोन्ही कंट्रोल येणारा, मास्टरकॅम या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला, क्वालिटीची माहिती असलेला, मुलांना सांभाळणारा, अनुभव आठ वर्षं, वय तीसच्या आत. पगार योग्यतेनुसार. ताई, ही एक जागा नाही, अडीच माणसं आहेत. आठ वर्षांत हे सगळं ज्याला येतं तो मुलगा तुमच्याकडे नोकरी कशाला मागेल, तो स्वतःचं मशीन टाकेल. तुमच्याकडे जो होता त्यालाही पहिल्या दिवशी हे येत नव्हतं. तुमच्याच शॉपमध्ये नऊ वर्षांत तो तसा झाला. आपण गेलेल्या माणसाचं वर्णन लिहितो आणि त्याला जाहिरात म्हणतो. सगळेच करतात. मीही केलंय, आणि एका टूलरूमची जागा त्यापायी आठ महिने अडवून ठेवल्याबद्दल वरिष्ठांच्या शिव्याही खाल्ल्यात.

तर या जागेचे तुकडे करा. प्रोग्रॅमिंग बाहेर द्या. भोसरी-चिंचवडमध्ये जॉबवर प्रोग्रॅम करून देणारी मुलं आहेत, तुमचे नवे पार्ट महिन्याला चार-पाचच असतात असं तुम्हीच म्हणालात. राहिलं सेटिंग. फोनवर बोलता बोलता तुम्ही एक वाक्य सहज बोलून गेलात : भाऊ तापाने झोपला होता तेव्हा तिसऱ्या व्हीएमसीवरच्या मुलाने दोन दिवस सेटिंग करून माल काढला, रिजेक्शनही आलं नाही. तो मुलगा चार वर्षं तुमच्याकडे आहे. ड्रॉइंग वाचतो, ऑफसेट म्हणजे टूलची मापं मशीनमध्ये टाकतो, डायल लावून जॉब सरळ बांधतो. आणि तुम्ही पाच महिने गेटच्या बाहेर सेटर शोधताय.

त्याला वर घ्या. म्हणजे सेटरची जागा मिटते आणि ऑपरेटरची उघडते. ऑपरेटरची जागा तुमच्याकडे किती दिवसांत भरते? यादी बघा : चार, सहा, नऊ. १५२ दिवसांची अडचण देऊन आठवड्याची घेतलीत, असा सौदा रोज मिळत नाही. पहिले दोन-तीन महिने भावाला त्याच्यामागे उभं राहावं लागेल, एखादा जॉब फुकट जाईल, एखादं कटर मोडेल. ते धरूनच चाला. पगार मात्र त्याच दिवशी वाढवा. ‘आधी करून दाखव, मग बघू’ म्हणालात तर तो करून दाखवेल आणि मग चाकणला जाऊन दाखवेल.

आणि समजा तो नाही म्हणाला. काही मुलांना जबाबदारी नको असते, तेही गैर नाही. मग बाहेरून आणायचा आणि पगाराचा प्रश्न परत येणार. २६ आणि ३२ मध्ये तुम्ही इतक्या अडलात त्याचं खरं कारण सहा हजार नव्हतं, हे मला कळतं. दुसऱ्या पाळीचा सेटर २७ वर आहे. नवा ३२ ला आणला की महिन्याच्या सात तारखेला सगळ्या शॉपला कळणार. लहान युनिटमध्ये पगार गुप्त राहत नाही, राहतो असं फक्त मालकांना वाटतं. म्हणून कच्चा हिशोब असा मांडा : नव्याचे सहा जास्त, जुन्या सेटरचे पाच, दोन जुन्या ऑपरेटरांचे दोन-दोन. झाले पंधरा हजार, पीएफ वगैरे धरून अठरा म्हणा. समोर काय? झाकलेलं मशीन. तुमचा रेट तासाला साडेचारशे. एक पाळी, आठ तास, २६ दिवस : ९३,६०० रुपयांचं बिलिंग. वीज, टूलिंग, ऑपरेटर वजा करून निम्मं धरा, त्यातूनही एक तृतीयांश वेळ काम नसेल म्हणून कापा. तरी तीस हजारांच्या वर उरतात. ऑगस्टमध्ये काम नव्हतं तेव्हा हा हिशोब तुमच्या बाजूने होता, घाई न करणं बरोबरच होतं. आता तुम्ही म्हणता मार्चपर्यंत शेड्यूल भरलंय. मग हिशोब उलटला. आणि जाहिरातीत आकडा लिहा. ‘योग्यतेनुसार’ हा शब्द ज्याच्या हातात नोकरी आहे तो वाचतच नाही, आणि तुम्हाला तर तोच हवाय.

निवडीचं म्हणाल तर, सेटर तोंडी विचारून कळत नाही. ड्रॉइंग द्या, व्हाइसमध्ये जॉब बांधायला सांगा, पहिला पीस काढू द्या. दोन-तीन तासांत तुमच्या भावाला कळेल. त्या तीन तासांचे पैसे द्या, जायच्या आधी हातात. आणि निर्णय त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी. पप्पांचा मान ठेवायचा तर ट्रायलच्या वेळी त्यांना व्हिडिओ कॉल लावा, पण ‘पप्पा आले की कळवतो’ हे वाक्य बंद. होय म्हणालात की एका कागदावर लिहून द्या : हातात किती, पीएफ किती, पाळी कुठली, ओटीचा दर काय, हजर व्हायची तारीख. लेटरहेड संपलं असेल तर वहीचं पान चालेल, सही-शिक्का असला म्हणजे झालं. त्याच्या घरच्यांना दाखवायला काहीतरी हातात असावं लागतं.

नोटीस पीरियडचे तीस दिवस तुम्हाला टाळता येणार नाहीत. चांगल्या माणसाच्या हातात काम असतंच आणि तो आज सांगून उद्या येत असेल तर उद्या तुम्हालाही तसाच सोडून जाईल. पण ते तीस दिवस तुम्ही गप्प बसलात. १८ सप्टेंबरनंतर वहीत त्याच्या नावापुढे एकही फोन नाही. तिकडे जुना मालक रोज समोर, गोड बोलतोय, वर दिवाळी तोंडावर. बोनस हातात पडेपर्यंत कुणी हलत नाही, हे तर आपल्या पट्ट्यातलं लहान पोरही सांगेल. ऑक्टोबरची तारीख घेतलीत तिथेच निम्मा गेला होता तो. पुन्हा अशी वेळ आली तर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याला चहाला बोलवा, मशीन दाखवा, पहिल्या आठवड्यात कुठला जॉब लावायचाय ते त्याच्याशी बोला. जुना मालक वाढवून देईल हे आधीच त्याला सांगा, म्हणजे तो आकडा आल्यावर त्याला नवल वाटणार नाही. आणि दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला तोवर सोडू नका. त्याच्याशी खरं बोला, ‘एकाला शब्द दिलाय, अमुक तारखेला कळवतो’. अशाने माणूस रागावत नाही, लटकत ठेवल्याने रागावतो.

तुमच्या शेजाऱ्यांपैकी कुणी म्हणेल, मूळ सर्टिफिकेट ठेवून घ्या, पहिला पगार अडवून ठेवा, मग कुठे जातो. असलं काही करू नका. आयटीआयच्या मुलांचे ग्रुप असतात, भोसरीतला कुठला मालक कागद अडकवतो हे लातूरला आधी कळतं.

आता ‘मुलांना काम नको’ हे. तेवीस दिवसांत चौदा मुलं तुमच्या गेटवर आली, त्यांना काय हवं होतं मग? हो, चाकणच्या मोठ्या कंपनीत ठेकेदाराच्या नावावर का होईना लागायचं, ही ओढ आहे. तिथे बस येते, कँटीन आहे, लग्नाच्या वेळी सांगायला कंपनीचं नाव आहे. तुमच्याकडे ते नाही. पण तुमच्याकडे मुलगा मशीन शिकतो, तिकडे बटण दाबायला शिकतो. हे मुलांनाही कळतं, चौथ्या-पाचव्या वर्षी कळतं. म्हणून मी शिकाऊ मुलांच्या मागे लागा म्हणेन. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने तीस आणि त्यावर माणसं असलेल्यांना शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. तुम्ही २२, म्हणजे सक्ती नाही, मुभा आहे. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पाव भाग, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार सोसतं. औंध आयटीआयला किंवा मोरवाडीच्या महापालिकेच्या आयटीआयला जाऊन तिथल्या निदेशकांना भेटा, दोन मुलं मागा. मशिनिस्ट किंवा टर्नर. त्यांच्याकडून या नोव्हेंबरचं काही सुटणार नाही. पण तीन-चार वर्षांनी पुन्हा कुणी साताऱ्याला निघालं तर तिसऱ्या मशीनवर कुणीतरी उभं असेल.

कन्सल्टंट. एका महिन्याचा पगार ही फी चालू दरातलीच आहे, तो तुम्हाला लुटत नाही. पण तो काय करणार? माणूस तुमच्या गेटपर्यंत आणणार. तेवढं तर तुमचा बोर्ड आणि व्हॉट्सॲप करतंय. तुमचे दिवस गेटच्या आत गेले, तिथे त्याचं काही चालत नाही. आत्ता देऊ नका. पुढे कधी दिलेत, तर नव्वद दिवसांच्या आत माणूस सोडून गेल्यास दुसरा फुकट द्यायचा, हे लेखी घ्या आणि फी माणूस हजर झाल्यावरच द्या.

एक शेवटचं. दिवाळी झाली, बोनस वाटून झाले. आपल्या पट्ट्यात वर्षातली सगळ्यात जास्त हलवाहलव आता पुढचे चार-सहा आठवडे होणार. ५ जुलैला ज्याने ट्रायल दिली होती, ज्याच्यापुढे तुमच्या भावाने ‘एक नंबर’ लिहून खाली दोन रेघा मारल्यात, तो चाकणला लागून आता चार महिने होत आलेत. मुलगा मोशीला राहतो, त्याला चाकणपेक्षा भोसरी जवळ पडते. त्याचा नंबर वहीच्या तिसऱ्या पानावर आहे. तिसऱ्या व्हीएमसीवरच्या मुलाशी आधी बोला, तो हो म्हणाला तर प्रश्नच नाही. नाही म्हणाला तर गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास या मोशीवाल्याला फोन लावा, त्या वेळी तो घरी असेल.